एक चित्रपट, दोन धनी

चित्रपटगृहाच्या भिंतीवरचे पोस्टर आणि रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या स्टॉलवर मांडलेल्या मासिकाचे मुखपृष्ठ, या दोहोंवर पुष्कळदा एकाच नटाचा चेहरा असतो. दोन्ही कागदच. दोहोंवर मोठी अक्षरे, मध्ये चित्र आणि कडेला बारीक मजकूर. त्यामुळे ही एकाच जातीची कामे असून एक जमले की दुसरे आपोआप साधते, असा समज सहज होतो. शाळा-महाविद्यालयांतून चित्रपटविषयक प्रकल्प म्हणून ही दोन कामे विद्यार्थ्यांच्या हाती येतात, तेव्हा याच समजुतीपायी अनेकांची फसगत होते. आधी पोस्टर तयार होते; मग तेच चित्र चार बोटे कापून, वर मासिकाचे नाव लिहून, मुखपृष्ठ म्हणून पुढे ठेवले जाते. काहीतरी चुकले आहे हे पाहणाऱ्याला जाणवते. काय चुकले ते मात्र त्याला सांगता येत नाही.

ती चूक हुडकायची तर एक साधा प्रश्न विचारावा लागतो : या कागदाचा धनी कोण? पोस्टरचा धनी चित्रपट. त्या कागदावरची प्रत्येक रेघ चित्रपटाची चाकरी करते आणि चित्रपट उतरला की तो कागदही भिंतीवरून उतरतो. मुखपृष्ठाचा धनी मासिक. तेथे चित्रपट हा पाहुणा. त्याला मानाची जागा मिळते, पण घर त्याचे नव्हे. पुढच्या महिन्यात त्याच जागी दुसरा पाहुणा बसणार आणि तरीही घर ओळखू आले पाहिजे. हा धनीपणाचा भेद ध्यानात आला म्हणजे अक्षर केवढे असावे, चेहरा कोणीकडे वळलेला असावा, मजकूर किती असावा, या प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपसूक मिळू लागतात.

इंग्लंडमध्ये हा प्रकल्प मोठ्या रेखीवपणे घातला जात असे. तेथे शाळेची अखेरची दोन वर्षे 'ए लेव्हल' या परीक्षेच्या तयारीत जातात आणि त्या परीक्षेस माध्यम-अभ्यास असा एक विषय असतो. ओ. सी. आर. नावाच्या परीक्षामंडळाच्या अभ्यासक्रमात, २०१७ साली नवा अभ्यासक्रम येईपर्यंत, विद्यार्थ्यांनी एका कल्पित नव्या चित्रपटाची छोटी झलक तयार करावयाची आणि तिच्या जोडीला तीन कामांपैकी दोन करावयाची असत : चित्रपटाचे संकेतस्थळ, पोस्टर, किंवा त्या चित्रपटाला मानाची जागा देणाऱ्या चित्रपट-मासिकाचे मुखपृष्ठ. पोस्टर आणि मुखपृष्ठ ही जोडी घेणारे विद्यार्थी पुष्कळ असत, कारण ती सोपी वाटे. साहित्य विद्यार्थ्यांनी स्वतः निर्माण केलेले हवे, असा नियमही होता. आयते छायाचित्र चालत नसे. आज संगणकाला चार शब्द सांगितले की तो चित्र काढून देतो. अशा काळात हा नियम जाचक वाटेल. परंतु त्याचा हेतू कष्ट वाढविण्याचा नव्हता. आयते चित्र आपले प्रश्न बरोबर घेऊन येत नाही, आणि प्रश्न पडल्याशिवाय या कामात शिकण्यासारखे फारसे काही उरत नाही.

महाराष्ट्राला पोस्टरची विद्या परकी नाही. नाटकांचे पडदे रंगवून नाव मिळविलेले कोल्हापूरचे बाबूराव पेंटर चित्रपटाकडे वळले, आणि १९२० साली त्यांच्या 'महाराष्ट्र फिल्म कंपनी'चा 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्यापूर्वी चित्रपटाची जाहिरात म्हणजे प्रामुख्याने शब्द. खेळाच्या वेळा, तिकिटांचे दर आणि 'अवश्य पाहा'. पेंटरांनी तिला चित्र दिले. त्यांच्या १९२४ सालच्या 'कल्याण खजिना' या चित्रपटाचे पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय पोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते. त्या काळी छपाई शिळाछापाची. प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा तयार करावी लागे आणि एकेक रंग कागदावर स्वतंत्र चढवावा लागे. रंग वाढला की खर्च वाढला. त्यामुळे चित्रकाराला कुंचला उचलण्यापूर्वीच ठरवावे लागे : कोणता रंग खरोखर हवा आणि कोणता नुसता हौसेचा.

पुढे कोल्हापूरचेच जी. कांबळे यांनी १९६० साली 'मुघल-ए-आझम'साठी मुंबईच्या मराठा मंदिर चित्रपटगृहावरचे भव्य फलक रंगविले. पाहणारा रस्त्यावर, फलक आकाशात. एवढ्या अंतरावरून नाकाडोळ्यांचे बारकावे दिसत नाहीत. दिसतो तो प्रकाश आणि सावली यांचा मोठा विभाग. तरबेज फलक-चित्रकार म्हणून चेहऱ्याचा अर्धा भाग लाल-केशरी आणि अर्धा निळा-हिरवा रंगवीत. जवळून तो रंगांचा गोंधळ वाटे, शंभर पावलांवरून मात्र त्यातून चेहरा उभा राही. ही नुसती लहर नव्हती. ती अंतराची गरज होती.

पोस्टरचे सारे शास्त्र या एका अंतरातून निघते. पोस्टर पाहणारा चालत असतो, सायकलवर असतो, नाहीतर बसच्या खिडकीत असतो. तो थांबणार नाही असे धरूनच काम करावे लागते. त्याला दोन-तीन क्षणांत तीन गोष्टी कळल्या पाहिजेत : चित्रपटाचे नाव, त्याची जात (हसवणारा, रडवणारा की भिववणारा) आणि एखादी अशी खूण, जी घरी पोहोचेपर्यंत डोक्यात राहील. बाकीचा मजकूर मागाहून, कोणी थांबलाच तर त्याच्यासाठी.

ही खूण किती थोडक्यात साधते हे अमेरिकेतील सॉल बास यांच्या कामात दिसते. १९५९ सालच्या 'अ‍ॅनॅटमी ऑफ अ मर्डर'च्या पोस्टरवर नटांचे मुखवटे नाहीत. सपाट रंगावर कागद कातरून ठेवावे तसे मानवी देहाचे सुटे तुकडे आहेत, आणि चित्रपटाचे नाव त्यांच्यातच बसविले आहे. खुनाच्या खटल्याची चिरफाड असा विषय. त्याला याहून अधिक बोलण्याची गरज पडली नाही. आपल्याकडे सत्यजित राय यांनी १९६० सालच्या 'देवी'च्या पोस्टरवर नायिकेचा चेहरा अर्धा उजेडात आणि अर्धा अंधारात ठेवला. सून आणि देवी, माणूस आणि मूर्ती, हा सारा पेच त्या एका चेहऱ्यात आला. राय १९४३ पासून कलकत्त्याच्या एका जाहिरात-संस्थेत चित्रकार म्हणून काम करीत होते. चित्रपट काढण्यापूर्वीच कागदावर कमीत कमी बोलण्याचा सराव त्यांच्या हाताला झालेला होता.

राय यांचे नाव घ्यावयाचे आणखी एक कारण आहे : त्यांनी मासिकांची मुखपृष्ठेही केली. 'एक्षण' या बंगाली नियतकालिकासाठी त्यांनी केलेल्या मुखपृष्ठांवर बहुधा चित्र नसेच. 'एक्षण' ही तीनच अक्षरे. दर अंकाला तीच अक्षरे निराळ्या घडणीची, निराळ्या रंगांत, कधी जाड, कधी तुटक. वाचकाला अंक नवा आहे हे कळे आणि घर तेच आहे हेही कळे. 'देवी'चे पोस्टर आणि 'एक्षण'चे मुखपृष्ठ शेजारी ठेवून पाहावे. हात एकच, परंतु पहिल्यात अक्षरे चित्राची सेवा करतात आणि दुसऱ्यात अक्षरे हीच घरमालक आहेत.

चित्रपट-मासिकाला अर्थात एवढा संयम परवडत नाही. बाबूराव पटेल यांचे 'फिल्मइंडिया' १९३५ साली निघाले. त्याच्या मुखपृष्ठांसाठी गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित यांनी रंगविलेले नट-नट्यांचे चेहरे वाचकांच्या घराघरांत पोहोचले. मुखपृष्ठावरचा चेहरा पोस्टरवरच्या चेहऱ्याहून निराळा असतो. पोस्टरवरची नायिका कथेत गुंतलेली असते. ती नायकाकडे, खलनायकाकडे, दूर क्षितिजाकडे कोठेही पाहील. मुखपृष्ठावरची नायिका बहुधा वाचकाकडे पाहते. तिला कथेतून बाहेर काढून दिवाणखान्यात बसविलेले असते, कारण मासिक चित्रपटाची कथा विकत नाही. ते गप्पा विकते, मुलाखत विकते, ओळख विकते. नजरेला नजर मिळाली की हात अंकाकडे जातो. मराठी दिवाळी अंकांच्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको. मूळचे गोव्याचे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी कित्येक घरांत अंक वाचण्याआधी पाहिला गेला.

येथे कोणी एक दाखला पुढे करील. पीटर बेंचली यांच्या 'जॉज' या कादंबरीच्या स्वस्त आवृत्तीसाठी रॉजर कॅस्टेल यांनी रंगविलेले मुखपृष्ठ, वर पोहणारी स्त्री आणि खालून झेपावणारा शार्क, तेच १९७५ साली चित्रपटाचे पोस्टर झाले. मग एकच चित्र दोन्हीकडे चालले नाही काय? चालले, पण ते पुस्तकाचे मुखपृष्ठ होते, मासिकाचे नव्हे. पुस्तकाचा आणि चित्रपटाचा धनी एकच, म्हणजे ती कथा. नियम मोडला असे दिसते. वस्तुतः तो तेथे पाळलाच गेला.

आता हे सारे एका विद्यार्थ्याच्या टेबलावर आणून पाहू. समजा, गोव्यातील एका महाविद्यालयाचा विद्यार्थी एका होडीवाल्या तारीवर लघुपट करीत आहे. नदीवर पूल होत आहे. पूल सुरू झाला की होडी थांबणार. लघुपटाचे नाव 'शेवटची खेप'. पहिल्या झटक्यात विद्यार्थ्याच्या मनात येते ते असे : मध्ये तारीचा चेहरा, मागे सूर्यास्त, एका बाजूला पूल, दुसऱ्या बाजूला त्याची मुलगी, खाली होडी. सर्वच आले, म्हणजे काहीच आले नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला एवढे वाचावयास उसंत कोठली?

मग तो वगळू लागतो. सूर्यास्त जातो, मुलगी जाते, शेवटी चेहराही जातो. उरते रिकामी होडी आणि तिच्यावर पडलेली पुलाची सावली. येथवर आल्यावर अक्षरांकडे पाहावे. देवनागरीला शिरोरेघ आहे, ही रोमन लिपीला न लाभलेली देणगी. 'शेवटची खेप' ही अक्षरे पोस्टरच्या वरच्या अंगाला घेऊन शिरोरेघ दोन्ही कडांपर्यंत लांबविली तर तीच रेघ पूल होते आणि अक्षरांचे काने त्याचे खांब होतात. मात्रा आणि वेलांट्या वर डोकावतात, त्या बांधकामातून बाहेर आलेल्या सळ्यांसारख्या. मोह असा होतो की रेघ सलग ओढून टाकावी. तसे केले की दोन शब्द एकमेकांना चिकटतात आणि वाचणारा अडखळतो. शब्दांमध्ये फट ठेवलीच पाहिजे. फट ठेवली की लक्षात येते, पूल अजून पुरा झालेला नाही, मधला गाळा बाकी आहे आणि म्हणूनच होडीची एक खेप उरली आहे. लिपीच्या नियमाने कथाच सांगितली. असे भाग्य दर वेळी लाभत नाही हे खरे, पण नाव लिहून झाल्यावर कोणता टंक शोभेल एवढाच विचार करणाऱ्याला ते कधीच लाभत नाही. या नावाला खाली उकार नाही, म्हणून अक्षरांच्या तळाशी पाणी आणता येते. नावात 'कु' किंवा 'मृ' असते, तर हीच मांडणी कोलमडली असती.

पोस्टरच्या पायथ्याशी श्रेयनामावली येते. इंग्रजी पोस्टरांवर ती उंच, चिंचोळ्या, एकमेकींना खेटलेल्या अक्षरांत असते. तो नुसता शोभेचा प्रकार नाही. अनेक करारांत नावाच्या अक्षराचा आकार चित्रपटाच्या नावाच्या अमुक टक्के असावा अशी अट असते. उंचीची अट पाळून जागा वाचवायची, तर अक्षर रुंदीत दाबणे एवढाच मार्ग राहतो. आपले विद्यार्थी हे रूप पाहतात आणि देवनागरीही तशीच दाबतात. दाबलेल्या 'ष'ची आतली रेघ बुजून त्याचा 'प' होतो, 'ब'चा 'व' होतो, जोडाक्षरांचा तर लगदाच. करार नाही, अट नाही, मग ही शिक्षा अक्षरांना कशासाठी? चार नावे कमी लिहावीत, पण वाचता येतील अशी लिहावीत.

मुखपृष्ठासाठी त्याच विद्यार्थ्याला आता घर बदलावे लागते. आधी मासिक कल्पावे लागते : ते कोणाचे, कोणासाठी, मासिक की पाक्षिक, आजवर किती अंक निघाले. हे कल्पिल्याशिवाय त्याच्या नावाचे अक्षर ठरविता येत नाही. मग तारीला पुन्हा बोलवावे, पण पोस्टरवर वगळलेला तोच चेहरा उचलून आणू नये. नवे छायाचित्र घ्यावे. होडीतून उतरलेला, वल्हे भिंतीला टेकवून बसलेला, वाचकाकडे सरळ पाहणारा माणूस. चेहरा जवळून, सुरकुत्या दिसाव्यात इतका. पोस्टरवर ज्या सुरकुत्या वाया गेल्या असत्या, त्या येथे वाचल्या जातात, कारण मुखपृष्ठ हातभर अंतरावरून पाहिले जाते. शेजारी इतर लेखांची नावे हवीत : एखादी मुलाखत, एखाद्या महोत्सवाचा वृत्तांत, जुन्या चित्रपटाचे स्मरण. विद्यार्थी नेमके हेच विसरतो. ज्या मुखपृष्ठावर एकाच चित्रपटाचा उल्लेख आहे, ते मुखपृष्ठ नव्हे; ती त्या चित्रपटाची हस्तपत्रिका झाली. महिना, किंमत आणि पट्ट्यापट्ट्यांचा बारकोड ही मंडळीही घरचीच. त्यांना अगदी शेवटी कोपऱ्यात कोंबू नये, आरंभीच जागा राखावी.

इंग्रजी मासिकांत नटाचे डोके मासिकाच्या नावावर चढलेले दिसते आणि अक्षरे अर्धी झाकली जातात. जुन्या, परिचित मासिकाला हे शोभते. वाचक नाव पाठ म्हणतो. नव्याने कल्पिलेल्या मासिकाने ती ऐट करू नये. शिवाय देवनागरीत बहुतेक अक्षरांची ओळख शिरोरेघेच्या खालच्या अंगात असते, आणि खालून वर येणारे डोके नेमके तेच अंग झाकते. वर उरते ती नुसती रेघ. स्टॉलवर अंक एकावर एक असे मांडलेले असतात की पुष्कळदा डावी पट्टी किंवा वरचीच पट्टी दिसते. महत्त्वाच्या लेखांची नावे डावीकडे घेण्याची इंग्रजी मासिकांची चाल यातूनच आली.

छपाईचे थोडे. संगणकाच्या पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, कागदावरचा शाईचा. पडद्यावर झळकणारा हिरवा किंवा निळा रंग छापखान्याच्या चार शायांतून उतरताना मलूल होतो. म्हणून नमुना छापून पाहावा. मुखपृष्ठासाठी इंचाला तीनशे ठिपके धरतात. म्हणजे ए-४ आकारास सुमारे २४८० बाय ३५०८ ठिपके. तीस बाय चाळीस इंचांचे पोस्टर दुरून पाहिले जात असल्याने इंचाला दीडशेही पुरतात. कडेला तीन मिलिमीटर जादा चित्र सोडावे, नाहीतर कापताना पांढरी रेघ राहते.

एक गोष्ट मात्र छापखान्यात सुधारत नाही. पूर्वीच्या काळी पोस्टर रंगविणाऱ्याच्या हाती अनेकदा निर्मात्याने दिलेली मोजकी छायाचित्रेच असत. त्यांवरून तो पोस्टर रंगवी, आणि चित्रपटात नसलेली मारामारी पोस्टरवर रंगली तर दोष त्याचा नसे. विद्यार्थ्याला ही सबब नाही. लघुपट त्याचाच आहे. तरीही तारीच्या कथेच्या पोस्टरवर कोठून तरी पिस्तूल येते, पुलावर ज्वाळा उठतात, कारण 'लोक थांबावेत'. लोक थांबतीलही. मग आत येऊन बसतील, अर्धा तास पिस्तुलाची वाट पाहतील, आणि त्या नादात होडीवाल्याकडे त्यांचे लक्षच जाणार नाही. ज्या म्हाताऱ्याने आपली होडी आणि आपला चेहरा या मुलांच्या स्वाधीन केला, त्याच्यावरही तो अन्यायच.

दोन्ही कागद तयार झाल्यावर त्यांची परीक्षा भिंतीवर आणि स्टॉलवरच घ्यावी. पोस्टर महाविद्यालयाच्या भिंतीवर लावून वीस पावले मागे जावे, डोळे किलकिले करावेत आणि पहिल्यांदा काय दिसते ते लिहून ठेवावे. दिसली ती होडी असेल तर ठीक. दिसले ते महाविद्यालयाचे बोधचिन्ह असेल तर ते लहान करावे. मुखपृष्ठाची छापील प्रत एखाद्या जुन्या अंकावर चिकटवून ओळखीच्या विक्रेत्याकडे न्यावी, त्याच्या परवानगीने इतर मासिकांच्या रांगेत ठेवावी आणि बाजूला उभे राहावे. गिऱ्हाइकाचा हात तिच्याकडे जातो की तिच्यावरून पुढे जातो, ते पंधरा मिनिटांत कळते.